निळी माती

परवा ग्रीनिचला फिरताना मनात आलं, या मिलेनियम डोमच्या जागी पूर्वी गॅसचा कारखाना होता, हे किती जणांना ठाऊक असेल? कोळशापासून गॅस काढायचा, मग त्यातलं गंधक आणि सायनाइड लोहाच्या ऑक्साइडने शोषून घ्यायचं. ते ऑक्साइड निकामी झालं की उरायची 'ब्लू बिली'. काय लाडिक नाव! डांबर काळं, चिकट, वासावरूनच कळतं. ही मात्र आपल्या कपड्यांच्या निळीसारखी, चक्क छान दिसते. मुलं हात घालणारच. म्हणून म्हणतो, अशा जागेवरचं घर विकताना कागदावर नुसतं 'भराव' लिहून भागू नये. भराव कशाचा, ते सांगा ना!