एक नग? नाय परवडत, साहेब!

मंडळी, आपल्या पट्ट्यात एक वाक्य रोज ऐकायला मिळतं. भोसरी असो, तळवडे असो नाहीतर चाकण. एखादा पार्ट घेऊन गाळ्यात शिरा, पहिला प्रश्न येतो, "क्वांटिटी किती?" एकच, म्हटलं की विषय संपला. "एक नग नाय परवडत, साहेब." तो गाळेवाला खोटं बोलत नाही. सेटिंगला तीन तास आणि कटिंगला दहा मिनिटं, असं काम कोण घेणार? माझा राग त्याच्यावर नाहीच. एक नग परवडूच नये अशी जी व्यवस्था आपण उभी केलीय, तिच्यावर आहे.

उदाहरण मुद्दाम छोटं घेतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या लेन्सचा अडॅप्टर. हसू नका, पुढे वाचा.

लायकाच्या जुन्या कॅमेऱ्यांना लेन्स आट्यांवर बसायची. १९५४ साली एम३ आला आणि लेन्स बायोनेटने बसायला लागली. जुनी लेन्स नव्या बॉडीवर घालायची तर मध्ये एक रिंग लागते. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर जुन्यात २८.८ मिमी, नव्यात २७.८. म्हणजे रिंग १ मिमी जाड. झालं! बघायला वॉशरच. पण ती १ मिमी म्हणजे सगळीकडे सारखी, खरीखुरी १ मिमी.

मिररलेस कॅमेऱ्यात लेन्सला जे दिसतं तेच तुम्हाला स्क्रीनवर दिसतं. अडॅप्टर थोडा चुकला तरी डोळा सांभाळून घेतो. रेंजफाइंडरमध्ये तुम्ही लेन्समधून बघतच नाही, बाजूच्या खिडकीतून बघता. लेन्सच्या मागचा कॅम बॉडीतल्या रोलरला ढकलतो आणि त्यावरून कॅमेरा अंतर ठरवतो. रिंग जाड झाली तर लांबचा डोंगर शार्प येणारच नाही. त्यात लेन्स ९० मिमीची असेल तर खिडकीत एक दिसेल आणि फिल्मवर दुसरंच येईल.

आता आटे बघा. व्यास ३९ मिमी आणि इंचाला २६ आटे, म्हणजे पिच ०.९७७ मिमी. "टाका ना १ मिमीचा पिच, काय फरक पडतो" म्हणणाऱ्याची रिंग दोन-तीन फेऱ्यांत आवळून बसते. रिंगला क्रोम प्लेटिंग करायचं असेल तर त्या थराची जाडी टर्निंग करतानाच वजा धरावी लागते. आणि लेन्स एखाद्या जुन्या एसएलआरची असेल तर तिला मुळात कॅमच नसतो, तो नव्याने कापायचा. बॉडीला फक्त ५० मिमीच्या आसपासच्या लेन्सची चाल कळते. बाकी कुठलीही लेन्स असली तर तिची चाल त्या हिशोबात बसवण्यासाठी कॅमला नेमका उतार द्यावा लागतो. हे काम हौशी वाटेल, पण हा टूलरूमचा पेपर आहे.

आता मला सांगा, यातलं काय आपल्याकडे होत नाही? टर्निंग, मिलिंग, वायरकट, प्लेटिंग, मापन, सगळं पाच-सात किलोमीटरच्या आत. तरी आपला माणूस तो अडॅप्टर बाहेरून मागवतो. जपानमध्ये मियाझाकी सादायासू नावाचे गृहस्थ आपल्या छोट्याशा वर्कशॉपमध्ये दुसऱ्या कॅमेऱ्यांच्या लेन्स लायकाच्या बॉडीवर बसतील अशा करून देत आले. त्यांचं नाव जगभरातले लेन्सवेडे ओळखतात. आपल्याकडे तेवढ्याच तयारीचा टर्नर निवृत्त होतो आणि लेथ भंगारात जातो.

आणि गंमत बघा, हा पट्टा उभा राहिला तो एका नगाच्या जोरावर. साठच्या दशकात सुमंत मूळगावकरांनी टेल्कोचं इथलं काम सुरू केलं तेव्हा आधी भर दिला तो मशीन टूल, डाय, जिग-फिक्स्चर आणि कारागीर घडवण्यावर. डाय काय हजार बनतात? एक बनतो. त्यातून पुढे लाखो पार्ट निघतात. म्हणजे बल्कची आई एक नग आहे, आणि आपण आईलाच घराबाहेर काढलं.

"बल्कनेच घरं चालवली ना?" हो, चालवली, नाकारत नाही. पण पुढचं बघा. इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, क्रँकशाफ्ट नाही. ज्या गाळ्याला एकाच ड्रॉइंगचा एकच पार्ट वीस वर्षं काढायची सवय आहे, तो त्या दिवशी काय करणार? ज्याला कुठलंही नवं काम वाचता येतं, तोच तगणार. ही नजर एकेक नगाच्या कामातूनच येते. तोच हात दवाखान्यातल्या बंद मशीनचा न मिळणारा पार्ट बनवतो. कॅमेरा फक्त निमित्त.

आता सरकारी बाजू. १ एप्रिल २०२५ पासून 'सूक्ष्म' उद्योगाची व्याख्या काय? गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत. म्हणजे एक लेथ टाकून बसलेला माणूस आणि दहा कोटींची कंपनी एकाच रांगेत. त्या रांगेत कर्ज आणि सबसिडी आधी कुणाला मिळणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

जागेचं तर बोलूच नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने मोठी पाडापाडी केली. भंगाराच्या आगी, नदीत जाणारं घाण पाणी, हे प्रश्न खरे होते, त्यांना पाठीशी घालायचं कारण नाही. पण त्या पत्र्यांखाली छोटी वर्कशॉपही होती. एका लेथवाल्याने अधिकृत जागेत जायचं म्हटलं तर त्याच्या खिशाला झेपेल असा गाळा कुठे आहे? दाखवा ना.

म्हणून मागण्या साध्या आहेत:

१. महापालिका आणि एमआयडीसीने दोन-तीनशे चौरस फुटांचे, थ्री फेज वीज असलेले गाळे माफक भाड्याने द्यावेत. विकायला नकोत, नाहीतर गुंतवणूकदारच घेऊन बसतील.

२. तासाच्या दराने वापरता येईल अशी मापनाची खोली हवी. मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्याला मायक्रॉन तपासायला जागा नको?

३. मोरवाडीच्या महापालिकेच्या आयटीआयपासून सुरुवात करा. शेवटच्या परीक्षेत प्रत्येक पोराने एक नग स्वतः मापं घेऊन, ड्रॉइंग काढून बनवावा. तयार ड्रॉइंगवर हँडल फिरवणं म्हणजे शिक्षण नव्हे.

४. 'सूक्ष्म'च्या आत एका-दोघांच्या वर्कशॉपसाठी वेगळा वर्ग आणि वेगळा निधी करा.

यात स्मार्ट सिटीच्या बोर्डाएवढाही झगमगाट नाही, म्हणूनच कुणी करत नाही. नगरसेवक भेटले की एवढंच विचारा: तुमच्या प्रभागात एका लेथवाल्याला बसायला जागा आहे का? उत्तर काय मिळतं ते खाली लिहा. आणि तुमच्या माहितीत एक नग करून देणारा कुणी असेल तर त्याला काम द्या, घासाघीस न करता.