नुसते पान पाहून औषध देऊ नये

आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रे आहेत. शेतकरी खिशातून सुकलेले पान काढून काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, ''शेठ, यावर काहीतरी द्या.'' पुढे काय फवारले जाणार, हे मग बव्हंशी दुकानदाराच्या शब्दावर ठरते. बँकेत पीककर्जाची प्रकरणे पाहताना औषधांच्या उधारीने वाकलेली खाती मी पुष्कळ पाहिली. त्यांतील बराच खर्च भलत्याच रोगावर झालेला असे.

डाळिंबाचेच घ्या. सांगोला, आटपाडी, सटाणा या पट्ट्यात 'तेल्या' म्हटले की बागायतदाराचा चेहरा उतरतो. हा रोग जिवाणूंचा. पानावर प्रथम टाचणीच्या टोकाएवढा, पाण्याने भिजल्यासारखा तेलकट ठिपका येतो. पुढे तो काळपट होतो व भोवती पिवळे वलय उमटते. पान उजेडासमोर धरले तर डाग अर्धपारदर्शक दिसतो. बुरशीच्या ठिपक्यात ही तेलकट झाक नसते. फळावरील तेल्याच्या डागांना इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारख्या भेगा जातात. फांदीला पेऱ्याशी काळे वेटोळे पडले की ती तेथेच मोडते.

हा भेद न जाणता महागडे बुरशीनाशक दिले, तर जिवाणू जागच्या जागी राहतो आणि पैसा मात्र जातो. तेल्या पसरतो तो पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनी, छाटणीच्या कात्रीने आणि रोगट बागेतून आणलेल्या गुटी कलमांनी. म्हणूनच पावसात वाढणाऱ्या मृग बहराला त्याचा उपद्रव अधिक. रोगट फांदी डागाच्या दोन इंच खालून छाटून जाळणे, प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवणे आणि एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे 100 लिटर पाण्यास 1 किलो मोरचूद व 1 किलो चुना, हे आधी सांगावे. मोरचुदात दुकानदाराला फारसे सुटत नाही, हे मान्य. पण तोच शेतकरी पुढल्या हंगामातही आपल्याच पायरीवर यायचा आहे.

''झाड पिवळे पडतेय'' या तक्रारीत तर पान काहीच सांगत नाही. खोडाला बारीक छिद्रे असून भुसा गळत असेल, तर ती खोडकिड. आडव्या छेदात लाकूड काळपट-तपकिरी दिसले, तर बुरशीजन्य मर. मुळांवर गाठी असतील, तर सूत्रकृमी. तिन्हींचे उपाय निरनिराळे, आणि पानांवर फवारून यांतले एकही आटोक्यात येत नाही.

शंका राहिली तर शेतकऱ्यास सोलापूरजवळ केगाव येथील, 2005 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावे. पान, फांदी, मूळ असा सगळा नमुना न्यावा आणि तो वर्तमानपत्रात गुंडाळावा. प्लास्टिकच्या पिशवीत तो घामेजतो व पोहोचेपर्यंत सडून जातो.