कामातून मिळणारे श्रेयांक
दिवसभर कंपनीचं नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला पदवीच्या वर्गात पुन्हा नेटवर्कची तोंडओळख शिकायला बसवणं, हा त्याच्या वेळेचा आणि पैशाचा अपव्यय आहे. अमेरिकेत यावर तोड निघाली. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था कॉम्पटियासारख्या, आयटीची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांच्या परीक्षा तपासून त्यांना किती श्रेयांक द्यावेत, याची शिफारस करते. १९९७ साली तिथल्या गव्हर्नरांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीने तर अशा परीक्षा आयटीच्या पदवी अभ्यासक्रमातच गुंफल्या. मात्र शिफारस म्हणजे हक्क नव्हे. अंतिम शब्द विद्यापीठाचा, आणि कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लससारखं प्रमाणपत्र ३ वर्षांनी नूतनीकरण मागतं. त्यामुळे परीक्षेची भरभक्कम फी भरण्याआधी विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्याच. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. आपल्याकडेही २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने कौशल्य आणि अनुभवासाठी हे दार उघडलं, ३० तासांच्या अध्ययनाला १ श्रेयांक असं मापही दिलं. डिप्लोमानंतर घरासाठी नोकरी धरलेल्या कितीतरी मुलामुलींना त्याचा आधार होईल. कोणत्या प्रमाणपत्राला किती श्रेयांक, याचा तक्ता आपल्या विद्यापीठांनी आता प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतच छापावा.