लचकलेला पाय आणि घरची दिवाळी

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात पाय मुरगळलेली मंडळी हमखास येतात. कोणी माळ्यावरचे डबे काढताना स्टुलावरून घसरलेले, तर कोणी आकाशकंदील टांगताना. त्यांत गृहिणीच अधिक आणि त्या येतात तेही चौथ्या दिवशी! “मोडलाय थोडाच, नुसता लचकलाय,” हे ठरलेले वाक्य.

पण वाचकहो, ‘नुसता’ म्हणजे काय? घोट्याची हाडे चिवट पट्ट्यांनी एकमेकांशी बांधलेली असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात. पाऊल आत वळले की बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणतो, कधी त्याचे तंतू तुटतात. तिथे शीर चढलेली नसते; मग चोळून ती उतरणार कशी? उलट पहिले दोन-तीन दिवस जोराने चोळले वा शेकले, तर सूज वाढते.

प्रथम हाड शाबूत आहे ना, ते पाहावे. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांची टोके आणि मागच्या कडा दाबून पाहा. तिथे हाडावरच दुखत असेल किंवा चार पावलेही टाकवत नसतील, तर एक्स-रे काढावा. कॅनडातील ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेल्या नियमांतली ही खूण. पावलाच्या मध्यावर हाड दुखत असले, तरी दाखवून घ्यावे. वृद्ध आणि मधुमेही यांनी मात्र घरच्या परीक्षेवर विसंबू नये. मधुमेहात पाय बधिर झालेला असला, तर दुखणे कळतच नाही.

हाड धड असेल तर पाय उशीवर उंच ठेवावा आणि क्रेप बँडेज बांधावे, पण बोटे निळी पडतील इतके घट्ट नको. दुखणे फार असल्यास फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा. विश्रांती, बर्फ, दाब व उंची ही चतुःसूत्री १९७८ साली अमेरिकेचे डॉ. गेब मर्किन यांनी रूढ केली. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच सांगितले, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येणे लांबू शकते. म्हणून एक-दोन दिवसांनी, सोसेल तितकी हालचाल सुरू करावी. पायाच्या अंगठ्याने हवेत ‘अ, आ, इ, ई’ गिरवा! सूज उतरल्यावर ओट्याला धरून दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट उभे राहण्याचा सराव करा. पाऊल कसे पडते आहे याची जाणीव देणारे मज्जातंतू अस्थिबंधातही असतात. तोल पुन्हा शिकवला नाही, तर तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो आणि घोटा कायमचा अधू होतो. दुखणे दोन आठवड्यांत थांबले, तरी अस्थिबंधाला पूर्वीचे बळ यायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात.

हे सगळे मी चिठ्ठीवर लिहून देतो. ते पाळले जाते की नाही, हे मात्र घरच्या मंडळींवर अवलंबून असते. पाय उंच ठेवून बसलेल्या बाईला दर पाच मिनिटांनी “चकलीचा सोऱ्या कुठे आहे ग?” असे विचारले, तर ती उठणारच. तेव्हा यजमानांनी सोऱ्या आपणच शोधावा. यंदा चकल्या वाकड्या झाल्या तरी चालतील.