आई-बाबा झाल्यावरचे पती-पत्नी

बारशाला नाव मिळते ते बाळाला. पण त्याच सुमारास घरातील आणखी दोघांची नावे मागे पडतात. पत्नी ‘बाळाची आई’ होते आणि पती ‘बाळाचे बाबा’. हा बदल आनंदाचाच असतो. तरीही या नव्या भूमिकांच्या आड पती-पत्नीचे मूळ नाते हळूहळू झाकले जाते आणि ते दोघांनाही फार उशिरा कळते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवविवाहित जोडप्यांचा काही वर्षे अभ्यास केला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आई झालेल्या स्त्रियांपैकी ६७ टक्के स्त्रियांचे वैवाहिक समाधान घटल्याचे आढळले. उरलेल्यांचे मात्र टिकले किंवा वाढले. जे पती आपुलकी बोलून दाखवत आणि पत्नीच्या मनात काय चालले आहे याची जाण ठेवत, त्यांच्या संसारात हे समाधान टिकण्याची शक्यता अधिक होती.

आपल्याकडे ही जाण येण्याच्या वाटेत एक जुनी, मायेची रीत उभी असते. पहिले बाळंतपण माहेरी होते. सव्वा महिना, पुष्कळदा तीन महिने मुलगी आईजवळ राहते. तेल-मालीश, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि मुख्य म्हणजे विश्रांती, हे सारे तिला हवेच असते. पण त्या काळात बाळाचे वडील रविवारी येणारे पाहुणे ठरतात. पत्नी सासरी परतते तेव्हा बाळाचे कोणते रडणे भुकेचे आणि कोणते झोपेचे, हे तिला कळत असते, त्यांना नाही. ते बाळाला उचलतात, तर ‘अहो, मान सांभाळा’ असा इशारा येतो. दोन-चारदा असे झाले की ते मागे सरतात. पुढे ती थकते आणि मनात रुसते. आपली गरजच उरली नाही, असे त्यांना वाटू लागते.

हे अंतर वाढण्याआधीच रोखता येते. पत्नी माहेरी असतानाच पतीने आठवड्यातील दोन रात्री तिथे मुक्काम करावा. लंगोट बदलणे, ढेकर काढणे शिकून घ्यावे. रजेचा विचारही नीट व्हावा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला मिळणारी १५ दिवसांची पितृत्व रजा प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. ती जन्माच्या आठवड्यात संपवण्यापेक्षा माय-लेकरू घरी परततील तेव्हा घेतली, तर बाप-लेकाची खरी ओळख होते.

दुसरे, ‘मदत’ हा शब्द सोडून एक जबाबदारी पूर्णपणे घ्यावी. लसीकरणाचेच पाहा. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या तारखा लक्षात ठेवणे, दवाखान्यात नेणे आणि लशीनंतर ताप आला तर रात्र जागवणे, हे सारे वडिलांकडे असावे. पत्नीनेही तेव्हा मागे उभे राहून चुका मोजू नयेत. त्यांची पद्धत निराळी असली तरी बाळ सुखरूप असते.

तिसरे, रोज थोडा वेळ दोघांचा असावा. सूर्यास्तापूर्वी जेवणाची रीत पाळणाऱ्या घरात पुढची संध्याकाळ मोकळी सापडू शकते. आजी-आजोबांनी नातवंडाला अर्धा तास फिरवून आणले, तरी पुरते. त्या वेळात दूध, शाळा, खर्च हे विषय नसावेत. ‘आज तुझा दिवस कसा गेला?’ एवढे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे.

मूल वाढवताना मतभेद होणारच. ते मुलासमोर न मांडता एकांतात मिटवावेत आणि कमी-जास्त बोलले गेले असेल, तर झोपण्यापूर्वी क्षमा मागावी. वीस-बावीस वर्षांनी मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी घराबाहेर पडतील. तेव्हा घरात उरणारी दोन माणसे एकमेकांना परकी असू नयेत, याची तजवीज पाळणा हलत असतानाच करावी लागते.