रेशमी कोंबडी आणि आंबागडचा पाऊस

पुस्तकी माणसाने कोंबड्या पाळू नयेत, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. यंदा ते मला मान्य करावे लागले.

झाले असे की, मुलीच्या हट्टाखातर मी सिल्की जातीची एक जोडी घेतली. भाड्याच्या बिऱ्हाडात ती ठेवणे शक्य नव्हते. म्हणून उन्हाळ्यात दोघांना टोपलीत घालून तुमसर तालुक्यातील आंबागडला आत्याकडे नेले. झाकण उघडताच आत्या म्हणाली, "काय रे बाबू, कोंबडी आणली का मांजर?"

मी लगेच दाखला दिला. सातशे वर्षांपूर्वी मार्को पोलोच्या प्रवासवृत्तातही चीनमधल्या कोंबड्यांना मांजराचीच उपमा दिली आहे: अंगावर तशी लव आणि कातडी काळी! काळ्या कातडीचे आत्याला नवल वाटले नाही. झाबुआचा कडकनाथ तिने पाहिला होता. पायाची पाच बोटे मात्र तिने दोनदा मोजली. मग म्हणाली, "कडकनाथाले पीस असते. याच्या अंगावर तर कापूस आहे. पावसात कसं?"

"पाखरूच ते! पावसाला काय भिते?" असे सांगून मी मोकळा झालो.

जुलैत निरोप आला. रात्रभर झड लागली होती, खुराड्यावरचे एक कवेलू सरकले होते आणि कोंबडा गारठून मेला होता. मग मी वाचायला बसलो. साध्या पिसाच्या तंतूंना बारीक आकड्या असतात; त्या एकमेकींत अडकून पीस सपाट होते आणि पाणी वरच्या वर ओघळते. सिल्कीच्या पिसाला त्या आकड्याच नीट नसतात. शिरोरेषा पुसावी आणि अक्षरे सुटी व्हावीत, तशी तिची पिसे सुटी राहतात. पाणी थेट कातडीला भिडते. त्यात तिला नीट उडता येत नाही. उंच दांडीवर न बसता ती जमिनीवरच निजते. म्हणजे खालची ओल आणि वरची गळती, दोन्ही तिच्याच वाट्याला!

हे सारे घेऊन मी आंबागडला पोचलो, तर आत्याने आधीच खुराडे विटांवर उचलले होते. छपरावर ताडपत्री होती, पण वरच्या बाजूला वारा खेळायला फट ठेवली होती. खाली धानाच्या तुसाचा जाड थर. ओला झालेला भाग ती रोज काढून टाकी, कारण ओलाव्यात रक्ती हगवण लागते. कोंबडी भिजलीच, तर फडक्याने टिपून चुलीजवळ टोपलीत. डोळ्यांवर येणारा तुरा तिने कात्रीने कापला होता. यांतले एकही तिने पुस्तकात वाचले नव्हते.

पुढे कोंबडी खुडूक बसली. आत्याने तिच्याखाली गावठी कोंबडीची अंडी ठेवली. एकविसाव्या दिवसापासून पिल्ले बाहेर पडली.

दिवाळीला मुलीला घेऊन गेलो. कोंबडा कशाने गेला, ते वाटेतच तिला खरे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. अंगणात अवकाळी भुरभुर चालू होती. पिसे फुटलेली गावठी पिल्ले खुशाल भिजत दाणे टिपत होती, आणि त्यांची रेशमी आई पागोळीच्या आत उभी राहून त्यांना रागे भरत होती. मुलगी मुकाट्याने तिच्याशेजारी जाऊन बसली.