गोटमार आणि परिचारिकेचे घर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांची गोटमार होते आणि दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. त्या जखमा बांधणाऱ्या परिचारिकेच्या घरी मात्र सण नसतो. तिची मुले शेजाऱ्यांच्या हवाली असतात. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर तहसिलींचा स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हा प्राणवायू, मानेचा पट्टा आणि ही साधने हाताळण्याचा सराव केवळ मेळ्यापुरता न राहता वर्षभर असावयास हवा. डोक्याचा मार नागपूर येईपर्यंत थांबत नाही. वाहते रक्त दाबून धरणे, मान न हलविणे, एवढे प्रत्येक तरुणास शिकविता येईल. आणि परिचारिकेस सणाची बदली रजा मिळालीच पाहिजे, असे आम्हांस वाटते. दुसऱ्यांची घरे सावरणारीचे घर उघडे पडू नये.